पहिल्या नोकरीचा अर्ज: इंदूरच्या मुलामुलींसाठी

नव्या मुलाला कामावर घेणारा माणूस मनातल्या मनात तीन गोष्टी तपासत असतो. हा रोज वेळेवर येईल का? वर्षभर तरी टिकेल का? आणि सांगितलेलं ऐकून शिकेल का? काम येतं का, हा प्रश्न बराच नंतरचा, कारण काम इथेच शिकवावं लागणार हे त्याने धरलेलंच असतं. सांवेर रोडवरच्या आणि पीथमपूरच्या कारखान्यांसाठी भरतीचं काम करताना मी हे इतक्या जवळून पाहिलं आहे, की "अनुभव नाही, अर्ज कसा करू?" असं कुणी विचारलं की मी इथूनच सुरुवात करतो. अर्जातली प्रत्येक ओळ या तीनपैकी कशाचं तरी उत्तर असली पाहिजे. बाकीचं गाळलं तरी चालतं.

आपल्या मराठी घरांत अजूनही पहिला प्रश्न असतो, "तिथे आपलं कुणी आहे का?" आजोबांच्या पिढीत इंदूरच्या कापड मिलमध्ये काम तसंच लागायचं. घरातल्या कुणीतरी खात्यात शब्द टाकायचा आणि पोरगं कामाला जायचं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या. आज ओळखीने अर्ज वाचला जातो, निवड होत नाही. त्यामुळे अर्ज स्वतःच्या पायावर उभा असायला हवा.

आधी काम ठरवा

"कोणतंही काम चालेल" असं लिहिलेला अर्ज मी कधीच वर ठेवला नाही. असा मुलगा दुसरीकडे पाचशे रुपये जास्त मिळाले की जाणार, असंच वाटतं. म्हणून एक किंवा फार तर दोन प्रकारची कामं निवडा.

इंदूरमध्ये नव्या मुलांना कुठे घेतात ते बघा. बी. कॉम. झालेल्यांसाठी सीएंची ऑफिसं आणि सियागंज, क्लॉथ मार्केटमधले व्यापारी आहेत. तिथे बिलिंग, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटीच्या नोंदी आणि वसुलीचे फोन अशी कामं असतात. बी. एस्सी. किंवा बी. फार्म. असाल तर सांवेर रोड आणि पीथमपूरच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोल, पॅकिंग, स्टोअर या विभागांत जागा निघतात. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठी पीथमपूर आणि देवास. बोलणं चांगलं असेल तर कस्टमर सपोर्टची कॉल सेंटरं, दवाखान्यांची रिसेप्शन, मॉलमधली दुकानं. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, पण अशा मोठ्या कंपन्या नव्यांना बहुतेक कॉलेजमधून किंवा स्वतःच्या परीक्षेतून घेतात. तिथल्या गेटवर बायोडेटा देऊन काही होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर शहरातल्या लहान कंपन्यांत इंटर्न म्हणून शिरणं जास्त सोपं.

एक गोष्ट आपली मुलं विसरतात. तुम्हाला हिंदी येते, मराठी येते आणि कामापुरती इंग्रजी येते. ज्या कंपनीचा माल महाराष्ट्रात जातो, तिला नाशिक-जळगावच्या डीलरशी मराठीत बोलणारा माणूस हवाच असतो. हे बायोडेटात खाली "भाषा" या रकान्यात दडवू नका, वरच्या दोन ओळींत आणा.

मग अंतर बघा. पीथमपूर शहरापासून साधारण पंचवीस-तीस किलोमीटर, आणि पहिली पाळी सकाळी लवकर लागते. राजेंद्रनगर किंवा राऊच्या बाजूला राहणाऱ्याला ते जमतं, विजयनगरच्या पलीकडून रोज जायचं तर विचार करावा लागतो. कंपनीची बस कुठल्या चौकातून जाते ते आधी विचारून घ्या आणि अर्जात सरळ लिहा: "राजेंद्रनगरला राहतो, तिन्ही पाळ्यांना येऊ शकतो." "रोज वेळेवर येईल का?" याचं उत्तर या एका ओळीत मिळतं, आणि तरी शंभरातले नव्वद अर्ज ती लिहीत नाहीत.

अनुभव कुठे शोधायचा

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा अर्ज यावर उभा आहे. लोकमान्यनगरातली एक मुलगी माझ्याकडे बायोडेटा घेऊन आली होती. बी. कॉम., ६१ टक्के, आणि अनुभवाच्या जागी "नाही".

"काका, खरंच काही नाहीये. काय लिहू?"

"कॉलेज सुटल्यावर काय करायचीस?"

"घरीच. म्हणजे मावशीचे डबे असतात ना, त्यांचं बघायचे."

"काय बघायचीस?"

"कुणाचे किती डबे झाले, कुणाचे पैसे यायचेत, किराणा कधी भरायचा. पण ते काय काम आहे का, काका?"

"अगं, किती डबे असायचे रोज?"

"चाळीसएक. परीक्षेच्या दिवसांत जास्त. भंवरकुआंची कोचिंगची मुलं असतात सगळी."

"आणि हिशेब वहीत?"

"आधी वहीत. मग मी मोबाईलवर शीट केली. मावशीला महिनाअखेरीस कुणाकडे किती बाकी ते एका नजरेत दिसायचं."

तिच्या बायोडेटात आम्ही अशी नोंद केली: "घरगुती डबा व्यवसाय, दोन वर्षे, अर्धवेळ. रोज सुमारे ४० ग्राहकांचा हिशेब. येणे रकमेची शीट तयार केली. महिनाअखेरची वसुली व किराणा खरेदी सांभाळली." यातला शब्दही खोटा नाही. आणि एखाद्या व्यापाऱ्याच्या ऑफिसला हेच हवं असतं: ग्राहकाचं खातं, येणी, वसुली. दोन वर्षं एकच काम केलं, यात ती टिकते हेही आलं.

तुमचंही असंच काही असणार. काकांच्या दुकानात दिवाळीत काउंटरवर बसलात, गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळलीत, आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्यात, कॉलेजच्या कार्यक्रमात मंडपवाला आणि केटरर ठरवलात, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवलात. एक कागद घ्या आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: काय केलं, किती केलं, किती दिवस केलं, आणि त्यामुळे काय बदललं. आकडा आठवत नसेल तर "सुमारे" लिहा, पण फुगवू नका. "वर्गणी गोळा केली" या ओळीने काही कळत नाही. "सुमारे १२० घरांची वर्गणी, पावत्या आणि जमाखर्च, हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत जुळला" हे वाचणारा माणूस तुम्हाला फोन करतो.

आणि खरंच काही नसेल तर? मग तीन आठवडे द्या आणि निर्माण करा. ओळखीच्या किराणा दुकानदाराला विचारा, "काका, तुमची एका महिन्याची बिलं मी एक्सेलमध्ये भरून देऊ का?" टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड फुकट चालतो; त्यात मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण खरेदी, विक्री, जीएसटीची नोंद शिकायला तेवढं पुरतं. हजारो रुपयांच्या "प्लेसमेंट गॅरंटी" कोर्सपेक्षा दुकानदाराची ती एक शीट मला जास्त मोलाची वाटते. मुलाखतीत ती उघडून दाखवता येते.

बायोडेटा एका पानाचा

वर नाव, मोहल्ला, फोन, ईमेल. ईमेल आयडी साधा, नावाचा असावा. त्याखाली दोन ओळी: कोणतं काम हवं, काय येतं, कधीपासून रुजू होऊ शकता. मग येणारी कौशल्यं, मग वर काढलेला अनुभव, मग शिक्षण. शिक्षण खाली का? कारण पदवी सगळ्यांकडे तीच असते, केलेलं काम फक्त तुमचं असतं.

कौशल्य लिहिताना नुसतं "एक्सेल" लिहू नका. "एक्सेल: फिल्टर, व्हीलुकअप, पिव्होट टेबल" असं लिहा, आणि येत असेल तेवढंच लिहा. बऱ्याच ठिकाणी समोर कॉम्प्युटर ठेवून "जरा हे करून दाखवा" म्हणतात, आणि तिथे फजिती झाली की बाकीचं खरंही खोटं वाटू लागतं.

धर्म, जात, लग्न झालंय की नाही, वडिलांचा व्यवसाय, "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे", आवडी: हे सगळं काढून टाका. मध्ये वर्ष गेलं असेल तर लपवू नका. "२०२३-२४: एमपीपीएससीची तयारी" एवढं पुरे. इंदूरमध्ये निम्म्या घरांत कुणी ना कुणी तयारी करत असतं, त्यात कमीपणा नाही. मालकाला शंका एवढीच असते की पुन्हा तयारीला पळणार का, त्याचं उत्तर मुलाखतीसाठी तयार ठेवा.

बायोडेटा सोप्या इंग्रजीत, पीडीएफमध्ये, आणि फाइलला तुमचं नाव व कामाचं नाव. "न्यू रिझ्युमे फायनल टू" नावाची फाइल दुसऱ्या दिवशी सापडत नाही. पाठवण्याआधी मोबाईलवर उघडून बघा, कारण समोरचाही ती मोबाईलवरच बघणार आहे.

कागदपत्रं

डिजिलॉकरमध्ये दहावी, बारावी, आधार, पॅन आणून ठेवा. आपल्या घरांत एक खास घोटाळा होतो: आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं, आणि मार्कशीटवर फक्त नाव-आडनाव. पीएफचं खातं आधारशी जुळावं लागतं, बँकेचं पॅनशी. नोकरी लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधार, पॅन आणि बँक या तीन ठिकाणी नाव आणि जन्मतारीख आताच एकसारखी करून घ्या. राज्य सरकारच्या योजनांसाठी समग्र आयडी (मध्य प्रदेशातल्या रहिवाशांचा ओळख क्रमांक) हाही लागतो, त्याचं ई-केवायसी उरकून ठेवा.

अर्ज कुठे करायचा

केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून सुरू आहे आणि मोफत आहे. तिथे आणि खासगी पोर्टलांवर नोंद करा, पण दिवसभर बटणं दाबत बसू नका. निवडून केलेले पाच अर्ज घाऊक पन्नासांपेक्षा जास्त फोन आणतात, हे मी भरतीच्या बाजूने बसून पाहिलं आहे. जिल्हा रोजगार कार्यालयाचे मेळावेही टाळू नका. बायोडेटाच्या दहा प्रती न्या आणि गर्दी व्हायच्या आत सकाळी पोहोचा.

माझ्या मते मात्र अनुभव नसलेल्यासाठी सगळ्यात चांगला दरवाजा अप्रेंटिसशिपचा, म्हणजे विद्यावेतन घेऊन कंपनीत काम शिकण्याचा आहे, आणि आपल्याकडे त्याची कदर होत नाही. घरी म्हणतात, "ही काय नोकरी आहे का?" पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला दरवर्षी आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे इथे जागा काढणं ही कंपनीची गरज असते आणि अनुभव कुणी मागत नाही. आयटीआय आणि बारावीवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल, पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी मुख्यतः नॅट्स पोर्टल. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये असं ठरलं होतं. चांगल्या कंपन्या त्याहून जास्त देतात. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) लागू होत नाही आणि शेवटी नोकरी देणं कंपनीला बंधनकारक नसतं, हे आधीच समजून घ्या. पण वर्षभराचा खरा अनुभव हातात येतो आणि जागा निघाली की बाहेरच्याआधी तुमचं नाव घेतलं जातं. एक खबरदारी: तुमचा करार पोर्टलवर नोंदलेला दिसला पाहिजे. "अप्रेंटिस" म्हणून राबवून घेतात आणि पोर्टलवर काहीच नाही, असं असेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे.

मध्य प्रदेशची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजनाही याच धर्तीची आहे. २०२३ मध्ये ती १८ ते २९ वयाच्या राज्यातल्या रहिवाशांसाठी जाहीर झाली, तेव्हा मासिक रक्कम बारावीला ८,००० पासून पदवीधराला १०,००० रुपयांपर्यंत ठेवली होती. आपल्या विषयाच्या जागा उघड्या आहेत का, ते तिच्या पोर्टलवर बघत राहा.

आता ओळखीचं. "काका, कुठेतरी लावून द्या" असं म्हणू नका, त्याने काका अडचणीत येतात. असं म्हणा: "काका, तुमच्या कंपनीत स्टोअरमध्ये जागा आहे असं कळलं. माझा बायोडेटा एचआरला पोहोचवाल का? पुढचं मी बघतो." नेमकी मागणी पुरी करणं कुणालाही सोपं जातं. तरुण मंच असो, गल्लीतलं मंडळ असो की आईची भिशी, तुम्ही काम शोधताय हे तिथे सगळ्यांना कळू द्या. कोणतं काम, तेही सांगा.

संदेश आणि फोन

व्हॉट्सॲपवर नुसती पीडीएफ पाठवून गप्प बसू नका. चार ओळी लिहा: नाव, कोणत्या जागेसाठी, तुमच्याबद्दलची एक ठोस गोष्ट, कधी येऊ शकता. त्या डबेवाल्या मुलीने लिहिलं होतं, "सर, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. दोन वर्षं ४० ग्राहकांचा हिशेब आणि वसुली पाहिली आहे, टॅलीच्या मूळ नोंदी येतात. लोकमान्यनगरला राहते, सोमवारपासून येऊ शकते." अर्थात हे तिने हिंदीत पाठवलं. "हाय" एवढाच संदेश पाठवून उत्तराची वाट बघणारे खूप असतात, त्यांना उत्तर जात नाही.

अर्ज केल्यावर अनोळखी नंबर उचला. कोणत्या कंपनीला कधी काय पाठवलं याची यादी मोबाईलमध्ये असू द्या, म्हणजे "कौनसी कंपनी?" असं विचारायची वेळ येत नाही. चार-पाच दिवसांत काही आलं नाही तर एकदा फोन करा, सकाळी अकरानंतर. दोनदा विचारूनही उत्तर नसेल तर सोडून द्या आणि पुढच्याला लागा.

मुलाखत

आदल्या दिवशी पत्ता बघून ठेवा. सांवेर रोडच्या सेक्टरांत नवख्या माणसाचा अर्धा तास सहज जातो. कपडे धुतलेले, इस्त्रीचे, बस.

"अपने बारे में बताइए" याचं उत्तर दीड मिनिटाचं, घरी मोठ्याने म्हणून बघितलेलं. त्यात वडील काय करतात हे नको, तुम्ही काय केलंत ते हवं. "अनुभव नाहीये तुम्हाला" असं म्हणाले की मान खाली घालू नका. "या कामाचा नाही, सर. पण हे केलं आहे," असं म्हणून शीट किंवा वही पुढे करा. एखादी गोष्ट येत नसेल तर "हे मला येत नाही, शिकेन" असं स्वच्छ सांगा. मी स्वतः असं म्हणणाऱ्यांना घेतलं आहे, आणि गोलगोल बोलणाऱ्यांना सोडलं आहे. तुम्हीही एक-दोन प्रश्न विचारा: पहिल्या महिन्यात काम कोण शिकवेल, पाळ्या कशा असतात, पगार कोणत्या तारखेला होतो.

पगार, कागद आणि फसवणूक

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात येणारी रक्कम नव्हे, हे पहिल्या नोकरीत हमखास चुकतं. समजा पगार १३,००० आणि तो सगळा पीएफला धरला. तुमच्याकडून पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,५६० जातील, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ९८. हातात ११,३४२. कंपनी तिच्या बाजूने पीएफचे १,५६० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के भरते आणि तेही धरून सीटीसी "जवळपास १५,०००" सांगते. यात फसवणूक नाही, पण घरी आईला आकडा सांगायच्या आधी "इन हँड किती?" हे विचारून घ्या. कपातीचा राग नको. २१,००० पर्यंतच्या पगाराला ईएसआय लागतो, आणि घरात आजारपण आलं की नंदानगरच्या ईएसआयसी रुग्णालयाची किंमत कळते.

नेमणूकपत्र लेखी घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं सक्तीचं केलं आहे. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, परत घ्या. बाँडवर (ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याच्या करारावर) सही करायच्या आधी मुदत आणि रक्कम वाचा, घरी आणून कुणाला तरी दाखवा. तेवढा वेळ न देणारी जागा सोडलेली बरी.

नोकरीसाठी पैसे भरायचे नाहीत. रजिस्ट्रेशन, गणवेश, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो. खरी कंपनी आधी पैसे मागत नाही. घरबसल्या डेटा एंट्रीचा "करार" करून नंतर वकिलाच्या नोटिशीची धमकी देणारे, टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करायला लावून आधी शंभर-दोनशे देणारे आणि मग हजारो उकळणारे, हे सगळे नव्या मुलांच्याच मागे असतात. पैसे गेलेच तर लाजून गप्प राहू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात एचआरकडून यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, घ्या. पीएफचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यानंतर उमंग ॲपवर पासबुक उघडा. पगाराच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी एचआरला ईमेल करा, तोंडी विचारू नका, आणि ईमेलची प्रत स्वतःकडे ठेवा.